ब्रेकमावशीचा सेकंडहँड टेप

ब्रेकमावशीच्या चपलांचा जोड कधी एकदम झिजला नाही. उजवी आधी जायची आणि डावी कोरी करकरीत राहायची. कोपऱ्यावरचा चप्पल शिवणारा म्हणायचा, "मावशी, पुढच्या खेपेला दोन्ही उजव्याच शिवून देतो." बाई गाडी शिकवायची. दिवसभर शिकाऊ माणसाच्या डाव्या हाताला बसायची आणि तिच्या उजव्या पायाखाली तिचा स्वतःचा एक जादा ब्रेक होता. पाय चालायचा त्याच्या दुप्पट तोंड चालायचं. "ब्रेक! अहो आजोबा, ब्रेक! तो मधला! देवानं पाय काय नुसते जिने चढायला दिलेत?" अशानं तिचं खरं नाव कधीच मागे पडलं.

यजमान छापखान्यातून निवृत्त झालेले. जन्म यंत्रांच्या खडखडाटात गेल्यामुळे कान अर्धे गेले होते, पण जीभ शाबूत होती. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "झोपेत हिनं माझ्या नडगीवर इतके ब्रेक मारलेत, की मी केव्हाच जागच्या जागी थांबायला हवा होतो." मावशी म्हणायची, "थांबताय कुठले! उताराला लागलात तुम्ही." असा त्यांचा संसार चालला होता, आणि बरा चालला होता.

शिकवणीचे तिचे दोन नियम होते. पहिला, शिकाऊ माणसाला पुलापलीकडे न्यायचं नाही. पुलापलीकडे नवा रस्ता सुरू व्हायचा, रुंद आणि सरळ, आणि तिथली माणसं गाडी चालवत नसत, उधळत. "आधी गल्लीतलं कुत्रं चुकवायला शिका, मग वाघाच्या जंगलात जा," असं ती म्हणायची. दुसरा नियम रेडिओचा. शिकवणी संपत आली की ती गाडीतला टेप चालू करायची आणि बातम्या लावायची. वर स्वतःही बडबड करायची, कालच्या भाजीपासून शेजारणीच्या सुनेपर्यंत. एवढ्या गोंगाटात ज्याचा हात हलला नाही तो परीक्षेला तयार. जो बातम्या ऐकत बसला आणि गिअर विसरला, त्याची पुन्हा श्रीगणेशापासून सुरुवात.

तर एका दुपारी तो टेप मेला. आधी घरघरला, मग जळका वास आला, मग धुराची एक बारीक रेघ निघाली. गाडी चालवत होता एक बँकेतला साहेब. त्यानं दोन्ही हात सोडून "आग! आग!" असा ओरडा केला. मावशीनं डाव्या हातानं स्वतःचा पदर सावरला, उजव्यानं स्टिअरिंग धरलं आणि पायानं ब्रेक मारला. "आग नाही साहेब, म्हातारपण आहे. तुम्हालाही येईल," ती म्हणाली. साहेब पुन्हा कधी आला नाही.

आता टेपाशिवाय शिकवणीचा शेवट कसा करायचा? आणि पैसे तर नव्हते. शिकाऊ माणसं क्लच खातात, हा त्या धंद्याचा शापच आहे, आणि नवा क्लच नुकताच घालून झाला होता. खिशात हात घातला तर फक्त खिसाच हाताला लागावा, असे दिवस होते. यजमानांनी उपाय सुचवला. "घरातला जुना ट्रान्झिस्टर सुतळीनं बांध पुढे." मावशी म्हणाली, "त्यापेक्षा तुम्हालाच बांधते. तुमचाही आवाज बंद होत नाही."

ती गेली वायरमामाकडे. दोन भिंतींच्या फटीत बसवल्यासारखं त्याचं दुकान होतं. वरपासून खालपर्यंत गाड्यांचे टेप, स्पीकर, आणि वायरींचे असे गुंते की त्यात हात घातला तर कोपरापर्यंत अडकावा. मामानं तिच्यापुढे तीन टेप मांडले. पहिला नवा आणि स्वस्त. लावून बघितला तर बातम्या देणारा माणूस पिंपात बसून बोलतोय असं वाटलं. दुसरा मोठ्या काचेचा, त्यावर चित्रं हलत होती. "हा घेतला तर पोरं रस्ता सोडून ह्याच्याकडेच बघतील. आणि ह्याच्या किमतीत माझी गाडी येईल," मावशी म्हणाली.

"मग हा घ्या." मामानं तिसरा पुढे सरकवला. वापरलेला होता, पण चांगल्या बनावटीचा. डाव्या कोपऱ्यात एक चरा. मधे गोल, जाडजूड नॉब. मावशीला नॉबच हवा होता, रस्त्यावरची नजर न काढता हाताला सापडणारा. शिवाय मापात बसत होता, डॅशबोर्ड कापायला नको, जुने स्पीकर चालणार होते. आवाज असा, की बोलणारा शेजारी येऊन बसलाय. स्वस्तात मस्त म्हणतात ते हेच.

"कुठल्या गाडीतला?" तिनं विचारलं.

"मोडीत निघालेल्या."

"मोडीत म्हणजे? जुनी झाली म्हणून?"

"मावशी, मोडीत म्हणजे मोडीत," मामा म्हणाला आणि खाली वाकून स्क्रू शोधायला लागला.

आधीच्या मालकाचं काही आत असेल तर पुसून दे, असंही तिनं सांगितलं. त्यावर मामानं मान हलवली. टेपात जे असेल ते तो पुसत नसे. एकदा पुसायला गेला होता, तर चांगला चालता टेप हातात बंद पडला, तो कायमचा. तेव्हापासून जसा येईल तसाच तो विकायचा. "त्याचं त्याला राहू दे. आपल्याला बातम्यांशी मतलब," तो म्हणाला. इथंच खरं तर पाणी मुरत होतं. पण मावशीला घाई होती. तिनं टेप बसवून घेतला आणि गेली.

पहिले काही दिवस टेप गुणी बाळासारखा वागला. मग एका सकाळी, बाजाराच्या चौकात सिग्नल लागला असताना, बातम्या मध्येच थांबल्या. टेपाच्या इवल्याशा काचेवर हिरवा उजेड लागला आणि एक बाई बोलली. माणसातली बाई नव्हे. ती यंत्रातली, जिला कधी खोकला होत नाही आणि कधी कंटाळा येत नाही.

"जोडणी झाली," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "पुलावरून सरळ पुढे जा."

सिग्नल सुटला, गाडी पुढे गेली, बातम्या परत लागल्या. गाडी चालवणारा नवा नवरदेव म्हणाला, "मावशी, पुलावर न्यायची? तुम्हीच तर नको म्हणता!"

"मी कुठं काय बोलले? तुमचा फोन बोलला असेल."

"फोन बायकोकडे आहे," नवरदेव म्हणाला, आणि लाजला.

दुसऱ्या दिवशी तोच चौक, तेच वाक्य. तिसऱ्या दिवशीही. गाडीत माणसं वेगळी, वेळ वेगळी. सिग्नलला थांबलं की हिरवा उजेड, आणि काचेवर इंग्रजी अक्षरांत एक नाव सरकत जायचं. मावशीनं चष्मा वर करून ते एकदा नीट वाचलं. भोपळ्या. आता भुतानं घाबरवायचं तर जरा वजनदार नाव तरी घ्यावं! मावशी हसली. पण घरी गेल्यावर यजमानांना सांगताना तिच्या लक्षात आलं, आपण हसतोय पण हात गार पडलेत. यजमान म्हणाले, "काय? भोपळ्याची भाजी? चालेल." तिनं पुन्हा सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात ती बाई शिकायला आली.

मावशीच्याच वयाची, धुवट कॉटनची साडी, केस घट्ट मागे बांधलेले. काळी पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली, एखाद्यानं तान्हं मूल धरावं तशी. मावशीनं मनातल्या मनात तिचं नाव ठेवलं पर्सवाली. पर्सवाली स्टिअरिंगपुढे बसली, पर्स मांडीवर घेतली. अजून किल्ली पुरती फिरलीही नव्हती, एवढ्यात टेपाचा हिरवा उजेड लागला.

"जोडणी झाली. पुलावरून सरळ पुढे जा."

मावशी दचकली. पर्सवाली दचकली नाही. तिनं नुसते डोळे मिटले आणि उघडले.

"पर्स मागे ठेवा, गिअर टाकताना आडवी येते," मावशी म्हणाली.

"राहू द्या ना. मी सांभाळते," पर्सवाली म्हणाली.

आणि मग सुरू झालं एक विचित्रच प्रकरण. बाई रोज यायची. पाऊस नाही, ऊन नाही, खाडा म्हणून नाही. पण शिकायची म्हणाल तर पालथ्या घड्यावर पाणी. क्लच सोडायचा की गाडी बंद, दुसरा गिअर टाकायचा की चौथाच पडायचा. मावशीनं आयुष्यात अडाणी, आडमुठे, घाबरट, सगळे बघितले होते. पण ही घाबरत नव्हती आणि अडाणीही नव्हती. मावशी बोलायला लागली की हिचा कान टेपाकडे. आणि ती यंत्रातली बाई आता थांबायचं नावच घेत नव्हती. पर्सवाली गाडीत असली की तिची टकळी चालू. सरळ जा. उजवीकडे वळा. पुलाकडे चला. गल्ल्यांतून कशाही फिरवा, ती फिरून फिरून पुलाकडेच ओढायची. आणि पुलाच्या तोंडाशी आल्यावर मावशी नियमाप्रमाणे ब्रेक मारायची, गाडी वळवायला लावायची.

"मार्ग पुन्हा शोधत आहे," यंत्रातली बाई म्हणायची. तिला राग येत नसे, हेच जास्त वाईट वाटायचं.

एकदा अशीच गाडी वळवली, आणि मावशीला शेजारून अगदी हळू आवाज आला. पर्सवाली टेपाकडे बघून पुटपुटत होती, "हो रे. थांब ना जरा. बाई सोडत नाहीत मला."

लख्ख दुपार होती. रस्त्यावर माणसं होती, समोर रसाच्या गाड्यावर गर्दी होती. पण मावशीच्या अंगावर सर्रकन काटा आला . शिकवणी तिथंच तोडून ती तडक वायरमामाकडे गेली.

"मामा, सरळ सांग. काय दिलंयस मला?"

मामानं आधी पाणी दिलं. मग म्हणाला, "पूर्वी कुठला फोन ह्या टेपाला जोडला असेल, तर तो जवळ आला की टेप त्याला ओळखतो. मी पुसत नाही ना काही. आणि फोनात रस्ता दाखवणारं लावलेलं असेल, तर अर्धवट राहिलेला रस्ता जोडणी झाली की पुन्हा सुरू होतो. त्यात भूतबीत नाही हो."

"म्हणजे तो फोन त्या बाईच्या पर्समध्ये आहे."

"असेल."

"आणि गाडी कोणाची होती?"

मामानं हातातला पाना खाली ठेवला. "एक पोरगा होता. एकटाच. पुलापलीकडे, नव्या रस्त्यावर. गाडीचं तोंड आत गेलेलं, मावशी, आणि टेपाला तेवढा एक चरा. मी काढायला गेलो तेव्हा दिवा चालू होता त्याचा." मग पाना पुन्हा उचलून, "बदलून देऊ का? वरचे पैसे नकोत."

मावशी "दे" म्हणणार होती. देवाशपथ, शब्द ओठावर आला होता. पण डोळ्यांपुढे आली ती पर्स धरलेली बोटं, पांढरी पडलेली. "राहू दे," ती म्हणाली, आणि वाटभर स्वतःला शिव्या घालत घरी आली.

दुसऱ्या दिवशी तिनं पर्सवालीला पुलाच्या अलीकडे, झाडाखाली गाडी लावायला सांगितली. आणि बघा गंमत, बाईनं एका झोकात, आरसा बघून, कडेला अंगुळभरही न चुकवता गाडी लावली. इतके दिवस जिला दुसरा गिअर सापडत नव्हता तिनं!

"म्हणजे येते तुम्हाला," मावशी म्हणाली.

"केव्हाच आली," पर्सवाली म्हणाली. "शिकून झालं म्हणाला असतात तर दुसऱ्या दिवसापासून बसायला मिळालं नसतं."

"भोपळ्या कोण?"

बाईचा हात पर्सवर जागच्या जागी थिजला. मग तिनं चेन उघडली आणि फोन बाहेर काढला. काच पुरी फुटलेली, काळीठिक्कर. बोट लावलं तरी काही हलत नव्हतं. "माझा मुलगा. लहानपणी गोल होता म्हणून मी भोपळ्या म्हणायची. मोठा झाल्यावर चिडायचा. पण बघा, फोनाला नाव तेच दिलं त्यानं."

आणि तिनं सांगितलं. रडत नव्हती, रडणं सरून गेलेलं माणूस बोलतं तशी बोलत होती. घरी पैशांची ओढाताण, छप्पर गळत होतं, आणि पोरानं पहिल्या पगाराचे पैसे घातले जुन्या गाडीच्या टेपात. आईचं डोकं फिरलं. मायलेकांची अशी जुंपली, की शेजारी दारात आले. शेवटी तिच्या तोंडून गेलं, "एवढं ते डबडं आवडतं ना? मग जा, त्या डबड्यातच जाऊन राहा कायमचा!" आणि तशीच पिशवी उचलून ती बसनं थोरल्या बहिणीकडे निघून गेली.

"जिभेला हाड नसतं हो मावशी," ती म्हणाली. "आणि वास्तू तथास्तु म्हणते. म्हणते की नाही?"

मावशीनं पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली.

बहिणीकडे दुपारपर्यंतच तिचा जीव रमला. संध्याकाळच्या बसनं ती परत आली. पोराला कळवलं नव्हतं, कारण राग होता, आणि राग उतरला तरी तोरा होता. घरी आली तर कुलूप. मग पोलीस आले. आणि मग लोक आले. नवा रस्ता चहूकडे जातो, त्यामुळे जितकी तोंडं तितके रस्ते निघाले. कोणी म्हणालं मित्रांकडे प्यायला निघाला होता. कोणी म्हणालं मुलीचं प्रकरण. दीर म्हणाला, "तुझ्या तोंडाला कंटाळून घर सोडून चालला होता, दुसरं काय." ते मात्र तिच्या काळजात रुतून बसलं. गाडी गेली भंगारात. फोन आला हातात. दुरुस्तीवाला म्हणाला, काच बदलताना आतलं सगळं जाईल. तिनं बदलू दिली नाही. नुसता चार्ज करत राहिली, पर्समध्ये घेऊन हिंडत राहिली. मेलेल्या पोराच्या फोनाला कोण चार्जिंग करतं, असं लोक म्हणायचे.

"आणि एक दिवस मी बाजाराच्या चौकात उभी, बसची वाट बघत. समोर तुमची गाडी थांबली, आणि पर्समध्ये हा थरथरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तुमच्या खिडकीतून आवाज आला, सरळ जा. मी तीन दिवस तिथं उभी राहून बघितलं. तुमचीच गाडी." तिनं टेपावरचा चरा अंगठ्यानं हळूच पुसला. "तो ह्यात राहतोय, मावशी. मीच पाठवलंय. मला एवढंच बघायचंय, तो जात कुठं होता. मला टाकून चालला होता का? तेवढं कळलं की मी मरायला मोकळी. पण तुम्ही रोज पुलावर ब्रेक मारता."

मावशीनं आयुष्यभर लोकांना एकच शब्द शिकवला होता. तो तिच्या तोंडाशी आला. बाई, नका जाऊ, तिथं काही का असेना, कळून काय करणार आहात? खरोखर घर सोडूनच निघाला असेल तर? मग ह्या बाईला कोण सावरणार, मी?

"पाय काढा, मावशी," पर्सवाली म्हणाली. "बॅटरी आता फार वेळ धरत नाही ह्याची."

मावशीनं पाय काढला. चप्पलसुद्धा काढून ठेवली.

गाडी पुलावर चढली. "सरळ पुढे जा," यंत्रातली बाई म्हणाली, आणि ह्या खेपेला तिला मार्ग पुन्हा शोधावा लागला नाही. पलीकडे नवा रस्ता उन्हात पांढरा पडला होता. झाड नाही, सावली नाही, घर नाही. गाड्या सूं करून बाजूनं जात होत्या आणि पर्सवाली आपल्या लेनमध्ये सरळ रेघेत चालवत होती. मावशीचा अनवाणी पाय जागच्या जागी दाबला जायचा, मग ती तो मागे घ्यायची.

मग एके ठिकाणी कडेचा जुनाट कठडा संपला आणि मध्येच नव्या पत्र्याचा एक तुकडा लागला, चकचकीत. दोघींनाही सांगायची गरज पडली नाही. पर्सवालीनं वेग कमी केला, पण थांबली नाही. टेपावरचा हिरवा उजेड एकदा मिणमिणला. गाडीत एकाएकी इतकी शांतता झाली, की चाकांचा आवाजसुद्धा लांबून येतोय असं वाटलं. एसी नसलेल्या गाडीत, भर दुपारी, मावशीला थंडी वाजली. तिला वाटलं मागे वळून बघावं. मागच्या सीटवर कोणी नव्हतं, हे तिला माहीत होतं. तरी तिनं बघितलं नाही. खोटं कशाला सांगा, पाचावर धारण बसली होती तिची.

"पुढच्या फाट्यावर डावीकडे वळा," टेप म्हणाला.

पर्सवालीनं इंडिकेटर दिला. फाटा लहान होता, शेतांमधून जाणारा, नंतर घरांमधून. उजवीकडे वळा. ती वळली. पुढे एक पाण्याची टाकी दिसली, उंच, निळ्या रंगाची, आणि बाईनं श्वास आत घेतला तो सोडलाच नाही.

"काय झालं?"

"ही टाकी... मी हिला नेहमी पलीकडून बघते. बस जुन्या रस्त्यानं येते ना. ही मागची बाजू आहे." तिचा आवाज बारीक झाला. "मावशी, हे माझ्या ताईचं गाव आहे."

मावशीच्या पायाला एकदम ब्रेकची आठवण झाली. तिच्या डोक्यात सगळं पर्सवालीच्या आधी जुळलं. एक बस जुन्या रस्त्यानं परत येतेय, आत रुसलेली आई. आणि त्याच वेळी नव्या रस्त्यानं, फोनाला विचारत विचारत, एक पोरगा उलट दिशेला चाललाय. पाय ब्रेकपर्यंत गेला. वर टेकला. दाबला असता तर अजूनही बाईला काही कळलं नसतं. मावशीनं तो परत उचलला आणि दोन्ही पाय सीटखाली घेतले.

"समोर, उजव्या हाताला," टेप म्हणाला. "आपण इच्छित स्थळी पोहोचला आहात."

हिरव्या फाटकाचं बुटकं घर होतं. गाडीचा आवाज ऐकून एक पांढऱ्या केसांची बाई ओले हात पदराला पुसत बाहेर आली. आधी तिला गाडी ओळखू येईना, मग चालवणारी बघून ती फाटकातच उभी राहिली.

"अगं, तू? आणि गाडी चालवत?"

पर्सवाली खाली उतरलीच नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून, काचेतून बहिणीकडे बघत ती म्हणाली, "ताई, तो मला न्यायला येत होता गं. रागावून गेला नव्हता. मला न्यायला येत होता." आणि मग आलं ते रडणं. इतके दिवस कुठं साठून राहिलं होतं कोण जाणे. बहीण धावत आली, दार उघडून तिला छातीशी धरलं. मावशी दुसऱ्या बाजूनं उतरली आणि फाटकाशी अनवाणी उभी राहिली, कारण चप्पल गाडीत राहिली होती आणि गाडीत आता तिचं काम नव्हतं. ती स्वतःही रडत होती. लपवायचं कशाला!

पुष्कळ वेळानं, आत चहा झाल्यावर, बहिणीनं तो फोन चार्जिंगला लावला. फोन बर्फासारखा गार होता. बराच वेळ त्यात धुगधुगीसुद्धा आली नाही.

"नव्या कठड्यापाशीच गेला हो तो," पर्सवाली सहज म्हणाली. "माझ्या मांडीवर होता ना, थरथरून बंद पडलेला कळला मला."

मावशीचा कप ओठापाशी थांबला. नव्या कठड्यापासून इथपर्यंत फाटा, वळणं, टाकी, हिरवं फाटक, एकूण एक रस्ता टेपानं सांगितला होता. तिनं पर्सवालीकडे बघितलं. पर्सवालीनं तिच्याकडे बघितलं, शांतपणे. तिला केव्हाच समजलेलं होतं.

परतताना पर्सवालीनंच गाडी चालवली. जाताना मांडीवर असलेली पर्स आता मागच्या सीटवर पडली होती. टेप गप्प होता. पूल ओलांडल्यावर मावशी म्हणाली, "बाई, एक सांगू? हा टेप तुम्ही घेऊन जा. मामा मला दुसरा देईल. तुमच्या पोराचा आहे. घरी असू दे तुमच्याजवळ."

पर्सवालीनं सिग्नलला गाडी थांबवली, गिअर काढला, हँडब्रेक लावला, सगळं शिकवल्याप्रमाणे. मग टेपाकडे एकदा बघितलं, एखाद्या रिकाम्या खोलीत डोकावून बघावं तसं.

"नको, मावशी," ती म्हणाली. "पोचला तो. आता ह्यात कोणी नाही. तुम्ही बातम्या लावा."

मावशीनं नॉब फिरवला. बातम्या लागल्या. सिग्नल सुटला आणि बाईनं गाडी उचलली, धक्का न देता.